चौपट ठिपके, सव्वादोनपट ताकद

फुल-एचडी टीव्हीच्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात आणि फोर-के टीव्हीवर ८२,९४,४००. बरोबर चौपट. २०१६च्या सुमाराला हे चौपट ठिपक्यांचे टीव्ही दुकानांतून घरांत जायला लागले, तेव्हा सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांचेही गेम कन्सोल तीन वर्षांचे झाले होते. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन, दोन्ही नोव्हेंबर २०१३चे, फुल-एचडीचा काळ डोळ्यांसमोर ठेवून घडवलेले. पुढची पिढी यायला अजून अवकाश होता. मग पिढी तीच ठेवून यंत्र तेवढं बदलायचं ठरलं.

१० नोव्हेंबर २०१६ रोजी प्लेस्टेशन ४ प्रो विक्रीला आला. त्याचे आकडे जुन्या प्लेस्टेशन ४च्या शेजारी मांडले की गंमत कळते. चित्र रंगवणाऱ्या ग्राफिक्स चिपची ताकद १.८४ टेराफ्लॉपवरून ४.२ टेराफ्लॉपवर गेली, म्हणजे जवळजवळ सव्वादोनपट. मेमरीतून माहिती उचलण्याचा वेग सेकंदाला १७६ गिगाबाइटवरून २१८वर, जेमतेम सव्वापट. मुख्य प्रोसेसरची गती १.६ गिगाहर्ट्झवरून २.१३वर, एक तृतीयांशाने जास्त. आणि रंगवायचे ठिपके? चौपट. यांतला एकही आकडा चारच्या आसपास फिरकत नाही. तरीही प्रो फोर-के टीव्हीला जोडला की पडदाभर रेखीव, भरगच्च चित्र दिसायचं. मधली तूट कुठे गेली?

टेराफ्लॉप हा शब्द जाहिरातवाल्यांनी इतका वापरलाय की तो घोड्यांच्या ताकदीसारखा गूढ वाटतो. प्रत्यक्षात तो साधा गुणाकार आहे. या चिपच्या आत ‘कॉम्प्युट युनिट’ नावाचे गट असतात. एका गटात गणितं करणाऱ्या ६४ वाटा. प्रत्येक वाट चिपच्या दर ठोक्याला एक गुणाकार आणि एक बेरीज करते, म्हणजे दोन गणितं. जुन्या प्लेस्टेशन ४मध्ये असे १८ गट होते आणि चिप सेकंदाला ८० कोटी ठोके द्यायची. १८ गुणिले ६४ गुणिले २ गुणिले ८० कोटी: उत्तर १.८४ लाख कोटी. सेकंदाला एक लाख कोटी गणितं म्हणजे एक टेराफ्लॉप. प्रोमध्ये गट ३६ झाले आणि ठोके ९१.१ कोटी. झाले ४.२.

हाच गुणाकार मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वन एक्ससाठी करून पाहावा. ४० गट आणि ११७२ मेगाहर्ट्झ. उत्तर येतं ६.०००६ टेराफ्लॉप. मेगाहर्ट्झ एकाने कमी केले, ११७१ धरले, की उत्तर सहाच्या खाली घसरतं. कंपनीने ‘सहा टेराफ्लॉप’ हे शब्द जून २०१६मध्येच जगाला सांगून टाकले होते, यंत्र मात्र नोव्हेंबर २०१७मध्ये आलं. ११७२ हा आकडा कसा निघाला असेल, याचा अंदाज करायला इंजिनिअर असण्याची गरज नाही.

आता टेराफ्लॉपला ठिपक्यांनी भागूया, कारण खरी चणचण तिथे दिसते. सेकंदाला ६० चित्रं काढायची धरली, तर जुन्या प्लेस्टेशन ४कडे फुल-एचडीच्या दर ठिपक्यामागे जास्तीत जास्त १४,८०० गणितांची शिल्लक होती. तेवढ्यात त्या ठिपक्यावर कुठली वस्तू आहे, तिच्यावर ऊन किती, सावली कुणाची, ती ओली की खडबडीत, मधे धुकं आहे का, हे सगळं ठरवायचं. प्रोने फोर-केचे सगळे ठिपके खरोखर रंगवायचे म्हटले, तर दर ठिपक्यामागे ८,४०० गणितं उरतात. म्हणजे नवं, महागडं यंत्र दर ठिपक्याच्या बाबतीत जुन्यापेक्षा गरीब!

सोनीचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी काढलेला मार्ग असा: सगळे ठिपके रंगवायचेच नाहीत. बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक रंगवायचे. एका चित्रात पांढरी घरं, पुढच्या चित्रात काळी. या पद्धतीचं नावच ‘चेकरबोर्ड रेंडरिंग’. अर्धे ठिपके म्हणजे ४१,४७,२००, फुल-एचडीच्या बरोबर दुप्पट. ४.२ टेराफ्लॉपला त्यांनी भागा: दर ठिपक्यामागे जवळपास १६,९०० गणितं. जुन्या यंत्रातली १४,८०० वजा जाता दोन हजारांच्या वर शिल्लक उरते, आणि ती रिकामी घरं भरण्याच्या कामी येते. सव्वादोनपट ताकद पुरेशी कशी ठरली, ते इथे उलगडतं.

पण रिकामी घरं भरायची कशाने? दृश्य स्थिर असेल तर सोपं आहे: मागच्या चित्रात तीच घरं रंगवलेली होती, ती उचलून आणायची. गेममध्ये मात्र काहीच स्थिर नसतं. मोटार धावते, कॅमेरा वळतो, खांबामागून माणूस बाहेर येतो. म्हणून प्रत्येक ठिपका मागच्या चित्रात कुठे होता, याची नोंद ठेवावी लागते; त्या नोंदीवरून मागचा रंग सरकवून नव्या जागी आणता येतो. तरी एक घोटाळा राहतो. खांबाच्या कडेला रिकाम्या घरात खांबाचा रंग भरायचा की मागच्या आकाशाचा? इथे चूक झाली की कडा दातेरी दिसते, नाहीतर वस्तूमागे भुतासारखी सावली ओढली जाते. प्रोच्या चिपमध्ये यासाठी खास सोय होती, ‘आयडी बफर’ नावाची. न रंगवलेल्या ठिपक्यांसकट प्रत्येक ठिपका कुठल्या वस्तूचा, त्या वस्तूच्या कुठल्या त्रिकोणाचा, याची नोंद चिप अगदी स्वस्तात ठेवत जायची. रंग माहीत नाही, पण घर कुणाचं ते माहीत आहे. मग मागच्या चित्रातून त्याच त्रिकोणाचा रंग आणायचा.

हे सगळं एका चित्राला मिळणाऱ्या सोळा-सतरा मिलिसेकंदांत. एवढ्या वेळात प्रकाश सुमारे पाच हजार किलोमीटर जातो.

ताकद आली कुठून, हा वेगळा प्रश्न. २०१३ची चिप २८ नॅनोमीटर म्हणवल्या जाणाऱ्या पद्धतीने छापलेली होती, प्रोची १६ नॅनोमीटरच्या. तेवढ्याच सिलिकॉनवर कितीतरी जास्त ट्रान्झिस्टर मावायला लागले. असं पूर्वीही होतच आलं होतं, पण पूर्वी कंपन्या त्या बचतीतून तेच यंत्र लहान आणि स्वस्त करून ‘स्लिम’ म्हणून विकत. मधेच ताकद वाढवण्याचे प्रयोग झाले होते, नाही असं नाही. निन्टेंडो ६४ला १९९८मध्ये चार मेगाबाइट मेमरीची जोड-डबी मिळाली होती. त्याआधी सेगाने १९९४मध्ये जुन्या कन्सोलच्या डोक्यावर दुसरा बसवून पाहिला आणि हात पोळून घेतले. मुख्य यंत्रालाच पूर्ण नवी चिप देऊन, जुने गेम, जुने कंट्रोलर सगळं तसंच चालू ठेवण्याचा मोठा डाव मात्र या वेळी दोघांनीही टाकला.

आणि ‘सगळं तसंच चालू’ हे म्हणणं सोपं आहे. संगणकावरचा प्रोग्रॅम शेकडो प्रकारच्या यंत्रांवर चालेल हे गृहीत धरून लिहितात. कन्सोलचा गेम एकाच यंत्रासाठी लिहितात, आणि लिहिणारे त्या यंत्राच्या सवयी पाठ करून बसलेले असतात. अमुक काम अमुक वेळात संपतं, हे इतकं ठाऊक असतं की कधीकधी ते मुद्दाम न लिहितादेखील गेममध्ये गृहीत धरलं जातं. यंत्र अचानक वेगवान झालं की दुसरं काम अर्धवट असतानाच पहिलं संपतं आणि गेम गडबडतो. वेग वाढल्याने काहीतरी मोडावं, ही कल्पनाच विचित्र वाटते, पण आहे खरी.

सर्नींनी यावर काढलेला तोडगा मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत देखणा वाटतो. ग्राफिक्स चिपच्या शेजारी तिचंच आरशातलं प्रतिबिंब बसवायचं, फुलपाखराच्या दोन पंखांसारखं. एका बाजूला १८ गट, दुसऱ्या बाजूला १८. प्रोसाठी न सुधारलेला जुना गेम लावला की दुसरा पंख मिटायचा, ठोके ८० कोटींवर आणायचे, प्रोसेसरही १.६ गिगाहर्ट्झवर उतरवायचा. यंत्र स्वतःहून आपलंच धाकटं रूप घेतं आणि गेमला पत्ता लागत नाही की आपण दुसऱ्याच घरात आहोत. पुढे मार्च २०१७मध्ये एका सॉफ्टवेअर अपडेटने ‘बूस्ट मोड’ दिला: ज्याला धोका पत्करून जुने गेम पूर्ण वेगाने चालवायचे असतील त्याने चालवावेत. बरेच गेम निमूट चालले, काहींची अडखळणारी चित्रं सुरळीत झाली. म्हणजे भीती होती त्यापेक्षा गेम लिहिणारे शिस्तीचे निघाले.

मुख्य प्रोसेसरच्या बाबतीत मात्र दोन्ही कंपन्यांनी हात आखडता घेतला, आणि याची किंमत खेळणाऱ्यांनी मोजली. ग्राफिक्स चिप चित्र रंगवते. पण काय रंगवायचं, शत्रू कुठल्या दिशेने धावेल, पडलेली पेटी कशी घरंगळेल, हे प्रोसेसर ठरवतो. पंगतीत वाढपी दुप्पट केले आणि आचारी तोच ठेवला, तर पानात चार पदार्थ जास्त दिसतील, पण पुढची पंगत लवकर बसणार नाही. म्हणूनच सेकंदाला ३० चित्रांचे गेम प्रोवर बहुतेक ३०चेच राहिले. चित्र फोर-केच्या जवळ गेलं, हालचाल तिथेच.

मायक्रोसॉफ्टचा वन एक्स वर्षभर उशिरा आला, कारण त्यांना अर्ध्या घरांचा मार्ग पसंत नव्हता. खरे ठिपके हवे होते. त्यांची रीत पाहण्यासारखी होती. चिप ठरवण्याआधी त्यांनी बाजारात असलेल्या एक्सबॉक्स वनच्या गेमांची आतून नोंद घेतली: एक चित्र काढताना चिप नेमकं काय काय करते, कुठे थांबते, मेमरीची वाट किती पाहते. मग तेच काम फोर-केमध्ये केलं तर काय होईल, याची नक्कल अजून न बनलेल्या निरनिराळ्या चिपांवर चालवून पाहिली. त्यातून दिसलं की नुसते टेराफ्लॉप वाढवून भागणार नाही, मेमरीचा वेग दणदणीत हवा. म्हणून १२ गिगाबाइट मेमरी आणि सेकंदाला ३२६ गिगाबाइट. फोर-केच्या दर ठिपक्यामागे १२,००० गणितं मिळाली. प्रोच्या ८,४००पेक्षा हे पुष्कळ बरं, आणि जुन्या प्लेस्टेशनच्या फुल-एचडीतल्या १४,८००पासून फार लांब नाही. प्रोसेसर इथेही जुन्याच घराण्यातला, २.३ गिगाहर्ट्झचा, पण ग्राफिक्स चिपला हुकूम देण्याच्या कामाचा मोठा भाग त्यांनी सॉफ्टवेअरमधून काढून थेट चिपच्या तारांतच कोरला, म्हणजे प्रोसेसरवरचा बोजा तेवढा हलका.

सात अब्ज ट्रान्झिस्टरांची ती चिप तापायची भरपूर. तरी वन एक्सचा डबा २०१३च्या एक्सबॉक्स वनपेक्षा लहान होता, आणि पूर्वी बाहेर विटेसारखा पडलेला वीजपुरवठ्याचा ठोकळाही आत बसवलेला. हे जमलं तांब्याच्या एका चपट्या बंद डबीमुळे. तिच्यातली हवा काढून थोडं शुद्ध पाणी घातलेलं असतं. दाब कमी, म्हणून पाणी शंभर अंशांच्या कितीतरी आधी उकळतं. चिपला टेकलेल्या जागी त्याची वाफ होते, वाफ डबीभर पसरते, वरच्या पात्यांखाली थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि तळाकडे झिरपते. गेम चालू आहे तोवर हे बिनआवाजी चक्र चालूच.

त्याहून आत एक बारकाई होती. एकाच साच्यातून निघालेल्या दोन चिपा कधीच हुबेहूब सारख्या नसतात. एकीला थोडी जास्त वीज लागते, दुसरीला कमी. बहुतेक यंत्रांत सगळ्यांत हावऱ्या चिपचा हिशेब धरून सर्वांना तेवढी वीज देतात. वन एक्समध्ये प्रत्येक चिपची स्वतंत्र मोजणी करून तिचा मदरबोर्ड तिच्या भुकेनुसार जुळवला गेला. मायक्रोसॉफ्टच्या एका इंजिनिअरच्या आडनावावरून याला ‘हॉव्हिस मेथड’ म्हणतात. लाखोंनी बनणाऱ्या वस्तूला मापं घेऊन शिवलेला सदरा!

इथे एक खोडसाळ प्रश्न विचारायला हवा. चांगली नजर एका अंशाच्या कोनात साधारण ६० ठिपके वेगळे ओळखते, असं नेत्रतज्ज्ञांचं जुनं माप आहे. ५५ इंची टीव्ही आठ फुटांवरून पाहिला तर तो सुमारे २८ अंश व्यापतो. फुल-एचडीचे आडवे १,९२० ठिपके त्यात बसवा: अंशाला ६८. म्हणजे या मापाने फुल-एचडीच पुरेसा आहे! मग फोर-केची ही सगळी धडपड वाया? अगदीच नाही. तारा, कुंपणं, गवताची पाती ठिपक्याहून बारीक असतात आणि हलताना लुकलुकतात. ती लुकलुक डोळ्याला फार लवकर कळते, आणि जास्त ठिपके असले की ती कमी होते. पण बारकाव्यापेक्षा हालचाल जास्त महत्त्वाची, हे म्हणणं खेळणाऱ्यांनी पुढे स्वतःच सिद्ध केलं. २०२०च्या प्लेस्टेशन ५वर गेम दोन पर्याय द्यायला लागले: सुंदर चित्र आणि सेकंदाला ३०, किंवा जरा साधं चित्र आणि ६०. सप्टेंबर २०२४मध्ये सर्नींनी सांगितलं की सुमारे तीन चतुर्थांश वेळा लोक दुसरा पर्याय निवडतात.

हे त्यांनी सांगितलं ते प्लेस्टेशन ५ प्रो जाहीर करताना. यंत्र आलं ७ नोव्हेंबर २०२४ला. तेव्हा किंमत अमेरिकेत ७०० डॉलर होती, आणि डिस्क ड्राइव्ह वेगळा घ्यायचा. २०१६चा प्रो ४०० डॉलरला होता. ट्रान्झिस्टर लहान होत गेले तरी आता ते स्वस्त होत नाहीत, ही गोष्ट या किमतीत स्वच्छ वाचता येते. भारतात तर तो तेव्हा आलाच नाही, आणि कारण ग्राफिक्सशी दुरूनही संबंधित नाही: यंत्रातलं नवं वाय-फाय ६ गिगाहर्ट्झच्या ज्या लहरी वापरतं, त्यांना आपल्याकडे तेव्हा परवानगी नव्हती.

आकडे पुन्हा मांडून पाहू, या वेळी प्लेस्टेशन ५च्या शेजारी त्याच्या प्रोचे. गणिती गट ३६वरून ६०, म्हणजे ६७ टक्के जास्त. टेराफ्लॉप १०.२८वरून १६.७. मेमरीचा वेग ४४८वरून ५७६, फक्त २८ टक्के. आणि गेमचं चित्र प्रत्यक्षात किती वेगाने निघतं? सोनीच्याच म्हणण्यानुसार ४५ टक्क्यांपर्यंत जास्त. २८ आणि ६७ यांच्या मधोमध अडकलेला हा ४५ फार प्रामाणिक आकडा आहे. (जाहीर होण्याआधी फुटलेल्या माहितीत ३३.५ टेराफ्लॉप असा आकडा फिरत होता. तो मोजण्याच्या वेगळ्या रीतीचा खेळ होता, आणि सर्नींनी त्या प्रकाराला फ्लॉपांची चलनवाढ म्हणून झटकून टाकलं.) प्रोसेसर पुन्हा तोच ठेवला.

४५ टक्क्यांत ३०चं सुंदर चित्र ६०ला नेता येत नाही, त्याला दुप्पट लागतं. तूट पुन्हा अंदाजानेच भरायची होती. फक्त या वेळी रिकामी घरं कशी भरायची याचे नियम माणसाने लिहिले नाहीत. पीएसएसआर नावाचं न्यूरल नेटवर्क असंख्य चित्रं पाहून ते स्वतः शिकलं. गेम कमी ठिपक्यांत चित्र काढतो आणि हे नेटवर्क ते फोर-केपर्यंत फुलवतं. त्यासाठी चिपमध्ये सेकंदाला ३०० लाख कोटी छोटी, आठ बिटांची गणितं करण्याची सोय घातली.

आता इथली अडचण बघा. ३०० लाख कोटी गणितं, आणि मेमरीतून येणार सेकंदाला ५७६ अब्ज बाइट. भागाकार केला तर आलेल्या प्रत्येक बाइटवर पाचशेहून जास्त गणितं झाली पाहिजेत, नाहीतर चिप नुसती वाट पाहत बसणार. नेटवर्क थरांचं बनलेलं असतं. एका थराचा निकाल दुसऱ्याला द्यायचा, दुसऱ्याचा तिसऱ्याला. फोर-केच्या दर ठिपक्यामागे सोळा बाइट धरले तरी एका थराचा निकाल तेरा कोटी बाइटच्या पुढे जातो. तो मेमरीत ठेवायचा, पुन्हा आणायचा, असं प्रत्येक थराला केलं तर सगळा वेळ ने-आणीतच संपेल.

डिसेंबर २०२४मध्ये सोनीने प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक व्याख्यानात सर्नींनी याचं उत्तर उघड केलं. गणिती गटांच्या अगदी पोटात, चालू गणिताचे आकडे ठेवण्यासाठी छोटे कप्पे असतात. त्यांना रजिस्टर म्हणतात. पूर्ण चिपमधले असे कप्पे मिळून १५ मेगाबाइट भरतात. जागा चिमूटभर, पण त्यांचा वेग सेकंदाला २०० टेराबाइट, बाहेरच्या मेमरीच्या साडेतीनशेपट. मग पडद्याचे तुकडे पाडायचे, एकेक तुकडा कप्प्यांत आणायचा आणि मेमरीकडे न जाता त्यावर एकापाठोपाठ अनेक थर चालवायचे.

यातही मेख आहेच. ठिपक्याचा निकाल काढायला त्याचे शेजारी लागतात, आणि तुकड्याच्या काठावरच्या ठिपक्यांचे काही शेजारी दुसऱ्या तुकड्यात राहिलेले असतात. त्यामुळे काठावरचा निकाल चुकतो. पुढच्या थरात चूक एक ठिपका आत सरकते, त्यापुढच्या थरात आणखी एक. थर संपेपर्यंत चारी बाजूंनी कचऱ्याची चौकट तयार होते आणि ती कापून फेकावी लागते. म्हणून तुकडे एकमेकांवर चढवून घ्यायचे. थर जास्त जोडले की मेमरीची खेप वाचते पण कचरा वाढतो. कमी जोडले की कचरा कमी, पण खेपा जास्त. या दोन नुकसानींमधली नेमकी जागा शोधण्यात त्या चिपची बरीच बुद्धी खर्ची पडली आहे.

अंदाज म्हटला की तो चुकणार. सुरुवातीच्या महिन्यांत ‘सायलेंट हिल २’च्या नव्या आवृत्तीत आणि ‘स्टार वॉर्स जेडाय: सर्व्हायव्हर’मध्ये, खास प्रोसाठी सुधारलेल्या चित्रातच, झाडापानांवर वळवळ दिसते म्हणून परीक्षकांनी बोटं ठेवली. पानं ठिपक्याहून बारीक, वाऱ्याने प्रत्येक वेगळ्या दिशेला हलणारी, मधून दिसणारा उजेड क्षणाक्षणाला बदलणारा. शिकलेल्या नेटवर्कलाही तिथे घर कुणाचं ते कळेना. पण चेकरबोर्डचे नियम माणसांनी लिहिलेले होते, आणि इथे जे शिकलंय ते नुसते आकडे आहेत. सोनी आणि चिप बनवणारी एएमडी यांनी ‘अ‍ॅमेथिस्ट’ नावाने एकत्र काम सुरू केलं, प्लेस्टेशनचा निळा आणि एएमडीचा लाल मिसळून होणाऱ्या जांभळ्याचं ते नाव. तिथे तयार झालेलं सुधारलेलं नेटवर्क २०२६मध्ये प्रोवर आणायचा बेत सर्नींनी २०२५मध्ये बोलून दाखवला. टीव्हीखाली आधीच ठेवलेल्या डब्यातला एकही ट्रान्झिस्टर त्यासाठी हलवावा लागत नाही. रात्री अपडेट उतरतो आणि सकाळी त्याच पानांबद्दलचा अंदाज बदललेला असतो.